ह्यांचं पोट जागं होताना

१७ जाने., भंडारा
ह्यांचं ऑपरेशन काल झालं. आतड्यात गाठ, वाटच बंद. गाठीसकट तुकडा कापला, टोकं जोडली. शेजारच्या गजूभाऊंनी धानाची पोती भरणं अर्ध्यात टाकून आमच्या गावाहून, सिहोऱ्याहून, गाडीत आणलं. डॉ. बाई म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर..."  पुढचं लिहीत नाही.

१८ जाने.
नाकात नळी. पाणीसुद्धा बंद. डॉ. पोटाला स्टेथोस्कोप लावून विचारतात, "गॅस पास झाला?" हे भिंतीकडे बघतात. सासुरवाडीत कधी ढेकर दिला नाही या माणसाने!

१९ जाने.
भावाने चिनूला आणलं. बाबाची नळी बघून पोरगी दारातच थिजली. बाहेर बाकावर बसून रडायला लागली. "बाबाले उपाशी काहून ठेवलं? मरन का तो?"
शाळेत चौथीला पचनाचा धडा शिकवते मी. आता घरच्या चौथीवालीला शिकवायचा.
मग तिचा स्वेटर काढला. बाजूच्या काकूंच्या पिशवीतला बटाटा मागून बाहीत घातला.
"मागून दाब." बटाटा सरकला.
"आपली अन्ननळी घासाले असंच ढकलते. तोंडात लाळ लागली का काम सुरू. जठरात घुसळून पातळ होते. मग लहान आतडं. तिथं पित्त अन् बाकीचे रस मिसळतात, अन्नातलं सत्त्व रक्तात जाते. मोठं आतडं पाणी शोषते. उरलं ते बाहेर."
"अन् बाबाचं?"
"ऑपरेशननं आतडं झोपलं आहे. सध्या सलाइन सरळ रक्तात जाऊन राहिलं. आतडं जागं झालं का आधी हवा सरकते."
"म्हणजे बाबा पादला का मग जेवन तो?"
बाकावरच्या साऱ्या बाया हसल्या. मीही. डोळे पुसत पुसत.
मग ती आपणहून आत गेली. बाबाचा हात धरून बसली.

२० जाने.
डॉ. बाईंनी स्टेथोस्कोप चिनूच्या कानात दिला. बराच वेळ काही नाही. मग एकदम, "आई, गुडगुड होऊन राहिलं!"
दुपारी ह्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. हळूच म्हणाले, "चिनूले सांग. झालं."
तिने अख्ख्या वॉर्डाला सांगितलं. देवा, कशाकशाचे आभार मानायला लावतोस!

२२ जाने.
काल नळी निघाली. घोट घोट पाणी दिलं, पचलं. आज पेज. गजूभाऊंच्या बायकोने डब्यात पाठवली, कोमट होती अजून. मी चमच्याने भरवली. उलटी नाही, दुखणं नाही.
गाठ तपासायला नागपूरला गेली आहे. रिपोर्ट यायचा आहे.
चौथ्या-पाचव्या चमच्याला ह्यांनी तोंड वाकडं केलं. "मीठ कमी आहे."
लग्नापासून या तक्रारीवर भांडत आले. आज म्हटलं, "उद्या टाकीन जास्त."