उपासाची गुलाबी गोळी

ओमती, जबलपूर
श्रावण शुद्ध द्वादशी, शके १८५९

प्रिय हेमचंद्र,

तुझा गोळ्यांचा डबा पोचला, त्यातली चिठ्ठीही. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. माझ्या तब्येतीची चौकशी एका ओळीत आणि गोळ्यांचं वर्णन दीड पान. धंदेवाल्या माणसाने असंच असावं. तू नागपूरला गोळ्या ठेवणारे दुकानदार शोधत फिरतो आहेस, आणि जाहिरातीच्या कागदावर छापायला तुला माझ्या दोन ओळी हव्या आहेत, एवढं समजलं. आमच्या महिला मंडळाच्या हस्तलिखितात मी दर महिन्याला ‘चाखून पाहिलं’ हे पान लिहिते आणि ते वाचून इथल्या मराठी घरांत काय आणायचं ते ठरतं, हेही तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. खरं आहे ते. मागल्या वर्षी एका लोणचेवाल्याला मी नुसतं ‘खारट’ म्हटलं, तर बिचारा दुकान गुंडाळून सिहोऱ्याला गेला. तेव्हा गोहलपूरचा तुझा कारखाना चालायचा की बसायचा, हे सध्या माझ्या जिभेवर आहे. मला त्याचा फार आनंद झाला, लपवत नाही.

विड्याच्या हिरव्या गोळीपासून सुरुवात केली. कोणीतरी चघळून झालेला विडा पाकात बुडवून परत दिला, अशी चव. कात जास्त, कापूर त्याहून जास्त. माझ्या धाकट्या मुलीने ती थुंकून टाकली आणि विचारलं, आई, ही मुंग्यांसाठी आहे का? दुसरी ती पांढरी, भेडाघाटच्या संगमरवराची नक्कल. दिसते हुबेहूब आणि लागतेही तशीच. माझा ओठ कापला. मोहाच्या फुलांची गोळी करण्याची कल्पना तुझी असेल तर शाबास, पण शेजारच्या नंदाबाईंनी अर्धी खाल्ली आणि ‘हाय राम, ये तो चढ़ गई’ म्हणत भिंतीला टेकून बसल्या. मग ती रंग बदलणारी. मुलांनी ती दर दोन मिनिटांनी तोंडातून काढून पाहिली. लाल, मग पिवळी, मग निळी. रंग तीन आणि चव एकही नाही. समोर जो असेल त्याच्यापुरता रंग घ्यायचा, ही विद्या तुला पूर्वीपासून येते.

राहिली गुलाबी. ‘खास उपासाची, फळांचा रस आणि तो घट्ट करायला समुद्रातलं गवत, एकादशीला चालणारी,’ असं तू तिच्याबद्दल लिहिलं आहेस. सगळी मदार हिच्यावरच आहे ना तुझी? श्रावणात कडक उपास करणाऱ्या शंभर बायकांनी ही घेतली की बाकीच्या चार गोळ्या नर्मदेत टाकल्या तरी तुझं चालेल. तर ऐक, ही फार चांगली आहे. मऊ, गारेगार, गुलाबाचा वास अगदी बेताचा. जिभेवर ठेवली आणि हळूहळू विरघळत गेली. मी डोळे मिटून घेतले. मग मला रडू आलं आणि त्या रडण्याचा मला संताप आला.

कारण ही गोळी मी आधी खाल्ली आहे. तूच आणली होतीस, सदर बाजारातल्या पारशाच्या दुकानातून, धोतराच्या सोग्यात लपवून. मी अठरा वर्षांची होते आणि आपल्या साखरपुड्याची तिथी धरायला तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणार होत्या. तुमच्या परसात उभ्या उभ्या आपण चार-चार गोळ्या खाल्ल्या. चव हीच, रंग तेवढा लालभडक. मी स्वयंपाकघरात गेले तर काकूंनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, ‘काहून गं, जीभ कशानं रंगवून राहिली?’ मला खोटं बोलता येत नव्हतं. सदरची गोळी म्हटल्यावर त्या दोन पावलं मागे सरल्या. त्या गोऱ्यांच्या गोळ्यांत हाडं उकळून घालतात, आज एकादशी आहे, पोरगी बाटली, हे सगळं त्या एका दमात बोलल्या. मग त्यांनी विचारलं, ‘कोणं आणून दिली?’ मी तुझ्याकडे पाहिलं. तू दारात उभा होतास. ओठ घट्ट मिटलेले. तोंड उघडलं असतंस तर तुझीही जीभ दिसली असती.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. महिनाभरात ही गोष्ट जबलपुरातल्या सगळ्या मराठी घरांत पोचली आणि बाटलेली मुलगी कुठे खपवायची म्हणून माझ्या वडिलांनी आमच्या ह्यांना गाठलं. ह्यांचा पुस्तकं बांधायचा धंदा. दिवसभर सरसात हात, म्हणून ह्यांनाही कोणी मुलगी देत नव्हतं. दोन नको असलेली माणसं एकमेकांना देऊन टाकली. माणूस भला आहे, मी त्याच्याविरुद्ध एक शब्द लिहिणार नाही. पण गेली अकरा वर्षं आमच्या ओसरीवर सरसाचं भांडं उकळतं आहे, आणि जनावरांची हाडंकातडी उकळून केलेल्या त्या चिकट रसाचा वास आता माझ्या केसांतसुद्धा असतो.

म्हणून मला कळलं, हेमचंद्र. समुद्राच्या गवताने घट्ट केलेली वडी दातांखाली कडकन तुटते. तुझी गोळी ताणली जाते. मी एक गोळी वाटीभर गरम पाण्यात टाकली. गुलाबाचा वास उडून गेला आणि खाली जो राहिला, तो माझ्या ओसरीचा होता. ह्यांना दाखवलं. ह्यांनी त्या पाण्यात बोट बुडवून पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. सकाळी ओढून पाहिल्या तर पुठ्ठा फाटला, पण जोड सुटला नाही. ह्यांना आपलं जुनं काही ठाऊक नाही. हसून म्हणाले, ‘तुझ्या त्या भैयाले सांग, गोळ्या कायले विकतं, वह्या बांध म्हणा, अच्छा सरस आहे.’ तुला भैया म्हटलेलं ऐकून मीही हसले. कारखान्यात रोज तुझ्या डोळ्यांदेखत हा सरस घालतात, तेव्हा चुकून झालं असं मला लिहू नकोस.

तर तुझ्या दोन ओळी. त्या मी देणार नाही, पण तुला आता त्यांची गरजही नाही. हे पत्र मी त्यासाठीच लिहीत आहे. काल एकादशी होती. तुझी बायको माहेरी आहे, काकू मोलकरणीबरोबर एकट्याच आहेत, हे मला माहीत होतं. डब्यातल्या उरलेल्या पाच गुलाबी गोळ्या घेऊन मी अकरा वर्षांनी तुमचा उंबरठा ओलांडला. काकूंचा एकही दात उरलेला नाही. उपासाला दूध-पाण्याखेरीज काही जात नाही. हेमूने खास तुमच्या उपासासाठी केल्या आहेत म्हटल्यावर त्यांनी पाचही गोळ्या आधी बाळकृष्णापुढे ठेवल्या, मग एक कपाळाला लावून तोंडात घातली. एकामागून एक तीन खाल्ल्या. ‘माह्या पोरानं माह्या उपासाची काळजी केली,’ म्हणून डोळे पुसले. मग चौथी चघळत मला म्हणाल्या, ‘तुह्यावर राग नाही गं आता. पण तोंड एकदा बाटलं, की घरात कसं घ्यावं माणसानं?’ गोळीत सरस आहे हे मी सांगायलाच गेले होते. शब्द ओठांवर होते. पण ते मी का सांगू? राहिलेली एक त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली आहे, आणि जाहिरातीवर त्यांचंच नाव छापावं असा त्यांचा हट्ट आहे. देवळातल्या भजनाच्या बायकांना त्यांनी आज सकाळीच सांगून टाकलं. यापुढे मरेपर्यंत दर एकादशीला त्या तुझ्याच गोळ्यांवर राहणार आहेत. पुढची एकादशी पंधरा दिवसांवर आहे. घरी येऊन त्यांना खरं सांग, किंवा गप्प बसून आपल्या हाताने भरव.

तुझी होता होता राहिलेली,
विनता