साकेलारिसची काठी

मी, थेमेलीना माग्लारी, साकेलारिस पाणबुड्याची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार ग्रीसमधले कालिम्नोस बेट, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असेल त्याने रविवारी चर्च सुटल्यावर मला गाठावे.

एक. बेटाच्या रिवाजाप्रमाणे राहते घर थोरल्या मुलीला, सेवास्तीला. धाकट्या कालोतीनाला लिंबाची बाग व शिवणयंत्र. तिने तोंड वाकडे करू नये.

दोन. घराबरोबर सेवास्तीकडे एक कामही जाते. कप्तान झाइरिसच्या घराण्याने बंदरावर संग्रहालय थाटले आहे. तिथे माझ्या नवऱ्याचा समुद्रात उतरण्याचा पितळी टोप काचेत आहे. तो मीच विश्वासाने दिला होता. त्यांनी खाली पाटी लावली, 'आमच्या नावेवर कधी कोणी जायबंदी झाले नाही.' कप्तानाने साकेलारिसला स्पंजांसाठी एका दिवसात तिसऱ्यांदा खोल उतरवले आणि घाईने वर ओढले. खोलातून असे झटक्यात वर आल्याने त्याचे पाय लुळे पडले. वय सव्वीस. पुढे चाळीस वर्षे तो काठीवर चालला. गल्लीत ती काठी वाजली की मी कॉफी चुलीवर ठेवत असे. कप्तानाला मी माफ केलेले नाही, मेल्यावरही करणार नाही.

तीन. म्हणून सहा वर्षे दर रविवारी मी ती काठी टोपाच्या काचेशेजारी ठेवून येते; ती काचेत जाईपर्यंत माझ्यामागे सेवास्तीने हेच करावे. पहारेकरी मीकेस मागून धावत येतो.

"आजी, काठी विसरलात."

"विसरले नाही रे, ठेवलीय."

"साहेब माझी नोकरी खातील हो."

"त्याला म्हणावं, आधी ती पाटी खा."

साहेब म्हणजे कप्तानाचा नातू निकीतास. माझ्या अंत्यविधीला आला तर त्याला कॉफीसुद्धा देऊ नये.

चार. सेवास्तीने लाजेपायी हे काम टाळले, तर घर कालोतीनाला द्यावे. रिवाज गेला खड्ड्यात.

पाच. मला पुरल्यावर तीन वर्षांनी रीतीप्रमाणे थडग्यातून माझी हाडे काढाल, वाइनने धुवाल, पेटीत भराल. ती पेटी चर्चकडे नेताना बंदरावरून न्यावी. तोवर काठी काचेत गेली नसेल, तर मला संग्रहालयाच्या उंबऱ्यावर ठेवावे. निकीतासने मला ओलांडून आत जावे.

स्थळ कालिम्नोस, रविवार, ११ नोव्हेंबर २०१२
सही: थेमेलीना माग्लारी

साक्षीदार:
१. इरीनी कामपुरी, शेजारीण
२. मीकेस तिलियाकोस, संग्रहालयाचा पहारेकरी. आज काठी परत आणून दिलेली नाही.