कुसुमताईंच्या कुंपणाबाहेरून

तीर्थरूप दुर्गाआत्यास,

गणराजचा वाकून नमस्कार. मी चऱ्होलीत जिवंत आहे आणि दोन वेळा जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस दूध द्यायली का नुसतीच खायली? फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि माझं बोलणं पिठाच्या गिरणीपर्यंत जातं. हा विषय तसा नाही, म्हणून लिहितो. (अक्षर सांभाळून घे. जेवढी शाळा तेवढंच अक्षर.)

तर रात्रपाळी सुटली की कंपनीची बस महाळुंग्याहून मला सकाळी फाट्यावर आणून सोडते. तिथून खोलीपर्यंत सगळी बंगल्यांची गल्ली. आत्या, या उन्हात माणसं वाळून चालली आणि ती झाडं मात्र फुलायलीत. भिंतीवरून राणी रंगाची बोगनवेल सांडलेली, बहाव्याचे पिवळे घोस असे की खाली लावलेली गाडी दिसू नये, लालभडक जास्वंद, आणि एक जांभळी वेल, तिचं नाव कोणालाच सांगता येत नाही. रात्रभर लोखंडाला भोकं पाडल्यावर (कंपनीत सगळंच करड्या रंगाचं, चहासुद्धा) मी तिथं घडीभर उभा राहायचो. नुसता उभा, हात खिशात. हीच चूक झाली.

इथली रीत तुला सांगतो. सकाळी चांगल्या घरची माणसं आकडी लावलेली काठी आणि पिशवी घेऊन निघतात आणि दुसऱ्याच्या कुंपणावरून फुलं ओढतात. देवाला पाहिजेत म्हणलं की कोणी हरकत घेत नाही. त्याच गल्लीतले उद्धवराव तर पिशवी भरून वर मालकिणीला रामराम घालून जातात. पण जो तोडत नाही, नुसता बघतो, त्याचा संशय येतो. आज बघून ठेवील, उद्या घर फोडील, असं उद्धवरावांनीच कुसुमताईंच्या मनात भरवलं. (मी उभा राहायचो तो बंगला कुसुमताईंचा. राहतात एकट्या, आवाज चौघांचा.)

मागच्या आठवड्यात दोघांनी मला फाटकाशी धरलं. उद्धवराव आधारकार्ड मागायले. मी म्हणलं, फुलं बघतो. ते त्यांना इतकं खोटं वाटलं की थोड्या वेळानं मलाही वाटायला लागलं. पुन्हा गल्लीत दिसलास तर पोलिसांना बोलावीन, असं ताईंनी बजावलं. दुसरी वाट आहे, पण तिच्यावर भंगाराची दुकानं आणि एक नाला. ती वाट डोळ्यांसमोर आली आणि तोंडातून निघून गेलं,

"ताई, देवाला पाहिजे होती. मागायला लाज वाटत होती."

बाई जागीच विरघळली.

"मग तोडायची की रे, वेड्या. ताटकळतोस कशाला?"

उद्धवरावांनी आपल्या पिशवीतली चार जास्वंदं काढून दिली, तीही ताईंचीच.

आता रोज फाटक उघडं असतं. बहाव्याखाली बसायला ओटा आहे, ताई चहा देतात, आणि उठताना पिशवीभर फुलं घ्यावीच लागतात. इथं खरी अडचण आहे. आम्ही खोलीत पाच जण. फळीवर डाळ, चार्जर आणि रमीजचे नट खोलायचे पाने. (रमीज गॅरेजात आहे, मनानं चांगला.) देव नाही. फुलं बादलीत ठेवतो आणि अंघोळ बाहेरच्या नळावर करतो. रमीज म्हणतो, भावा, लोक देवासाठी फुलं शोधतात, तुझं सगळं उलटंच. आणि काल ताई म्हणाल्या, अक्षय्य तृतीयेला तुझा देव्हारा बघायला येते. त्यांना तिथं डाळ दिसली तर फाटक कायमचं बंद.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नये.

तुझा,
गणराज

ता. क. तुझ्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण दोन आहेत. धाकटा पाठव. रमीजनं फळी धुऊन ठेवली आहे.

ता. क. दुसरा. कुरिअरनं पाठवू नको. इथं नव्या माणसाला करमत नाही, देवालाही करमणार नाही. तूच घेऊन ये आणि महिनाभर राहा. ताईंनी विचारलं, पूजा कोण करतं रे? मी सांगून बसलो, आत्या करते, ती माझ्याजवळच असते. तेवढं एक तरी खरं करून दे.