शेवटचं ताट

२ नोव्हेंबर, रविवार

चंपाषष्ठीला आमच्या घरचा नैवेद्य सगळ्यात शेवटी का ठेवतात? मला माहीत नाही. इतिहास घेऊन बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर, आणि स्वतःच्याच घराचा एवढासा प्रश्न सुटत नाही!

बेंबळीत वडगुळ्यांची अकरा घरं. खंडोबापुढं भरीत-रोडग्याची अकरा ताटं लागतात. प्रत्येक घरचा कर्ता पुरुष ताट नेतो. दहा लागली, की भावकीतले थोरले रामहरी काका देवळाच्या पायरीवरून ओरडतात – "बिभीषण, आण आता तुझं!" वर्षभर कुणाचं ऐकून न घेणारे माझे वडील, आबा, त्या दिवशी मान खाली घालून जातात. आज त्यांना विचारलं. म्हणाले, "पहिल्यापासून तसंच हाय." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? – चपला घालून रानात निघून गेले.

रात्री फोनवरच्या 'समस्त वडगुळे परिवार' या गटात शिरले. नऊशे माणसं! गटप्रमुख पुण्याचे रणधीर वडगुळे. सगळ्या घराण्याची वंशावळ छापणार आहेत. माझं स्वागत करून लगेच विचारलं – "पणजोबा धोंडीबा, बरं. धोंडीबांचे वडील कोण?"

तेही माहीत नाही.

५ नोव्हेंबर

गटात रोज सकाळी "जय मल्हार" आणि दुपारपर्यंत भांडण. आज माझी पाळी. रणधीररावांनी सगळ्यांसमोर लिहिलं – "बेंबळीच्या अकराव्या घराचा काहीच पुरावा नाही. आडनाव काय, कुणीही लावतं." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एक जण म्हणे, "ताई, इतिहासाची पदवी ना? गाईड वाचून मिळवली का?"

चार वेळा उत्तर लिहिलं, चार वेळा पुसलं. बोलून उपयोग नाही. पुरावाच टाकते यांच्या तोंडावर.

९ नोव्हेंबर

हेळवी आले! देवच पावला.

हणमंतप्पा हेळवी. सुगी झाली की कर्नाटकातून येतात. घराघराच्या पिढ्या त्यांच्या वहीत असतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकल. दारात उभं राहून एका दमात म्हणाले – "सटवाजी, सटवाजीचा धोंडीबा, धोंडीबाचा लिंबाजी, लिंबाजीचा बिभीषण!" आबा हात जोडून उभे. मला तर रडूच आलं. सटवाजी! मिळालं नाव!

वही कानडीत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. "फोटो काढू का?" म्हटलं. त्यांनी आमच्या घराचं पान उघडून धरलं. "काढ अव्वा. पण घरातच ठेव. वही घरच्यांसाठी असती." आईनं सुपातून गहू घातले, ते पुढच्या गावाला गेले.

दहा मिनिटांत फोटो गटात टाकला. वर लिहिलं – "हा घ्या पुरावा!!"

१० नोव्हेंबर

जे आपल्याला वाचता येत नाही ते चारचौघांत टाकू नये. आज एवढंच लिहवतंय.

११ नोव्हेंबर

आता लिहिते.

गटात अक्कलकोटकडचा बसवेश म्हणून एक जण आहे. कानडी शाळेत शिकलेला. त्यानं ते पान वाचून मराठीत टाकलं – "सटवाजीनं विधवा गजराबाईशी पाट लावला. तिच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा धोंडीबा कडेवर आला. त्या नवऱ्याचं कूळ लिहिलेलं नाही."

म्हणजे आम्ही सटवाजीच्या रक्ताचे नाही. हेळव्यांनी दारात झाकून सांगितलं होतं. उघडं मी केलं.

मग काय! "कडेवरचे वडगुळे!" कुणीतरी लिहिलं आणि तेच नाव पडलं. "मालक दुसरा, पाटी आमची." "ताई, पुराव्याबद्दल आभार!" तासाभरात गावात पोचलं. आबा गिरणीत दळण घेऊन गेले होते. रामहरी काकांचा कुलदीप तिथं मोठ्यानं म्हणाला, "सरका रे, कडेवरचे आले!" आबा दळण तिथंच टाकून घरी आले.

"तुला ह्याच्यासाठी शिकवलं का?" – एवढंच बोलले.

आई म्हणाली, "मिळाला ना पुरावा? आता चाट त्यो."

त्या नऊशे माणसांची मला किळस येते. आणि पान टाकलं कुणी? मीच.

१५ नोव्हेंबर

आबा बोलत नाहीत. जेवताना मीठ माझ्यासमोर असलं तरी आईला सांगतात, "तिला म्हणावं, मीठ सरकव."

१९ नोव्हेंबर

रणधीररावांचा फोन आला – आबांना. आबांना फोन कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर लावला, सगळ्या घरानं ऐकलं.

"बिभीषणराव, वंशावळ छापायला द्यायचीय. घरातली घाण चव्हाट्यावर बरी दिसत नाही. मुलीनं गटात एवढंच लिहावं, चुकून दुसऱ्या घराचं पान टाकलं. बसवेशला मी गप्प करतो. धोंडीबा सटवाजीचाच मुलगा, विषय संपला. रामहरीरावांशीही बोललोय. यंदा चंपाषष्ठीला तुमचं ताट पहिलं!"

"आणि गजराबाई?" मी मधेच विचारलं.

"कोण गजराबाई?" ते हसले. "ताई, बायकांची नावं वंशावळीत नसतातच. तुमचंही नाही."

फोन ठेवून आबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "पहिलं म्हणला." मग माझ्याकडं वळून – "लिही."

आठ दिवसांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी हो म्हणाले नाही. नाहीसुद्धा म्हणाले नाही. भित्री!

२३ नोव्हेंबर

आजी रोडग्याची बाजरी निवडत होती. एवढ्या दिवसांत या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. आज मी शेजारी जाऊन बसताच ती माझ्यावर कडाडली – "कशाला उकरलंस गं?"

"तुला माहीत होतं?"

"न्हाय कसं? तुझ्या पणज्यानंच सांगितलं मला. म्या नवी नवरी हुते तवा."

बाजरीवरून हात फिरवत सांगत राहिली. "गजराबाई आली तवा भावकी बसली. म्हणली, बाई ऱ्हावू दे, पोर माघारी धाडा. परक्याच्या पोराचा हात आमच्या देवाला नको. सटवाजी खाली बघून बसला. मग तीच उठली. म्हणली, पोर सोडायची न्हाय. लई वाद झाला. शेवटी भावकीनं ठरवलं – पोर ऱ्हाईल, पर त्याच्या घरचं ताट कायम शेवटी लागंल. कबूल का? ती म्हणली, कबूल. शेवटी तर शेवटी. लागंल तर न्हवं?"

मी विचारलं, "आबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ताट घेऊन गेला असता का त्यो? आन् न्हाय गेला तर तिनं कबूल केल्यालं मोडलं असतं." मग माझ्या हातावर चापट मारली. "शिकलेली म्हणं! ऊठ, दुसरं सूप आण."

सूप आणून दिलं आणि फोन उघडला. रणधीररावांनी मजकूर तयारच करून पाठवलाय – 'माझ्या हातून चूक झाली, ते पान आमच्या घराचं नाही.' मला फक्त पुढं ढकलायचं आहे.

२५ नोव्हेंबर

उद्या चंपाषष्ठी. आबांनी पांढरा सदरा इस्त्री करून आणला. नवी टोपीसुद्धा. आरशात बघत आईला विचारलं, "टाकलं का तिनं?" आई म्हणाली, "टाकंल." आबा चक्क गुणगुणत होते!

त्यांचा राग मला सोसत होता. हे सोसत नाही.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

सकाळी सहाला गटात लिहिलं – "पान आमचंच आहे. धोंडीबा गजराबाईचा. तसं छापा, नाहीतर आमचं घर गाळा." आणि गटातून बाहेर पडले. मग आबांना स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी नवी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उठलेच नाहीत. ताट मी नेलं. दहा लागेपर्यंत पायरीशी उभी राहिले, आणि रामहरी काकांनी हाक मारायच्या आत पुढं होऊन शेवटी ठेवलं.