राजीनाम्याचं बटण

सोमवार, ३ मार्च.
संकल्प: ऑफिसचं नवं ॲप शुक्रवारपर्यंत एकट्याने उरकायचं. रजा, तक्रार, राजीनामा. प्रत्येकाला एकेक बटण. शुक्रवारी डेमो बघून साहेब टीमचा प्रमुख ठरवणार. माझ्यासमोर कोण, तर टेस्टिंगच्या बाई. जन्मात कोडची एक ओळ लिहिली नाही, दुसऱ्याच्या ओळीत खोट काढण्याचा पगार घेतात.

४ मार्च.
राजीनाम्याचं बटण दहा मिनिटांत. बोट लागलं की पत्र पाठवणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, चालायला हवं. ते कंसासकट बटणाला देऊन टाकलं. बाई खुर्चीमागे येऊन उभ्या. म्हणाल्या, फंक्शनचं नुसतं नाव द्या, पुढे कंस नको; कंस लावलात की ते तिथल्या तिथे चालतं, बोटाची वाट बघत नाही. बावीस वर्षं कंस लावतोय, म्हटलं. गेल्या.

५ मार्च, दुपारी.
बाईंची लेखी तक्रार: स्क्रीन उघडताच पत्र जातं. त्यांनी चाचणीसाठी बनवलेल्या नकली कर्मचाऱ्याने सकाळपासून चार राजीनामे दिलेत. शेरा मारला: 'बाईंचं बोट जड आहे.' तक्रार बंद.

६ मार्च.
हिला सगळं सांगितलं, तेवढीच करमणूक. तर म्हणे, "शेजारच्या काकूंकडे आपण किल्ली ठेवतो, वेळ आली तर उघडायला. तुम्ही किल्ली द्यायची सोडून दार सताड उघडून आलात."
शाळेत भूगोल शिकवते. सोडून दिलं.

शुक्रवार, ७ मार्च, ११.०५.
डेमो. नकली कर्मचारी भित्र्यांसाठी. स्वतःच्या नावाने लॉगिन केलं, पत्र जायचा ईमेल पत्ताही साहेबांचा खराखुरा घातला. राजीनाम्याची स्क्रीन भिंतीवर झळकली. माझं बोट अजून हवेत, आणि साहेबांचा फोन वाजला.

११.२०.
साहेबांनी विचारलं, हे तुम्ही पाठवलंत की ॲपने आपलं आपण? सगळे बघत होते. बाई शांतपणे चष्मा पुसत होत्या. ॲपने म्हणावं तर चूक माझी. बावीस वर्षांची अब्रू.
म्हणालो, "मीच दाबलं. विचारपूर्वक."
"मग मंजूर," साहेब म्हणाले.

सोमवार, १० मार्च. सकाळचे अकरा, घरी.
बाई प्रमुख झाल्या. कंस काढले म्हणे. बटण आता बोट लागल्यावरच चालतं. म्हणजे माझ्या बटणापेक्षा उशिराच.
हिने शेजारच्या काकूंकडची किल्ली परत आणली. आता घरी कायम कोणीतरी असतंच, म्हणाली.