टोलेडोची धुराडी

नेपरव्हिल, अमेरिका, ऑक्टोबर २००६

आई, जयभीम.

गुडघा कसा आहे? आम्ही खुशाल आहोत. महाराष्ट्र मंडळाबरोबर स्पेनमधलं टोलेडो पायी हिंडून आलो. मध्ययुगीन वेशी, तट, आणि चर्च करून टाकलेलं ज्यूंचं प्रार्थनाघर.

गाइड म्हणाली, ज्यूंना सक्तीनं ख्रिस्ती केलं, तरी शेजारी पाळत ठेवायचे. शनिवारी ज्यू चूल पेटवत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी धुराड्यातून धूर दिसला नाही, की चर्चच्या न्यायालयात चुगली.

मंडळातल्या मीनाक्षीकाकू हळहळल्या, "बाई, दुसऱ्यांच्या चुलीत कशाला डोकवायचं?"

मला काकूंचं कौतुक वाटलं. ते जेवणापर्यंत टिकलं. टेबलावर त्यांनी तुझ्या नातीला गोड आवाजात विचारलं, "जागृती, तुमच्याकडे गणपती बसत नाही ना गं? मूळ आडनाव काय तुमचं?"

माझा घास हातातच राहिला. पोरीला हे कळू नये म्हणून मी सातासमुद्रापार आलो होतो.

ती शांतपणे म्हणाली, "वुई आर बुद्धिस्ट, काकू. त्याआधी महार. आजीनं सगळं सांगितलंय. अजून काही विचारायचंय?"

काकूंना ठसका लागला. मी पाणी दिलं.

आई, हे तू तिला कधी सांगितलंस? बरं केलंस. मला जमलं नसतं.

तुझा,
ईश्वर