शिवणारीचं नाव

मी, सुगंधा हरेश्वर चिखले, वय ६२, राहणार वर्सोवा कोळीवाडा, अंधेरी (पश्चिम), पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. वकिलांनी धंद्यापुढे 'घरकाम' लिहिले होते. ते मी खोडायला लावले. धंदा: बेसबॉल शिवणे, साकीनाक्याच्या कारखान्यात, एकोणीस वर्षे.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. पती विषमज्वराने गेले तेव्हा मुलगा रामनाथ दहा वर्षांचा होता, आणि घरावर पत्रेही धड नव्हते. हे घर सून मालन व रामनाथ यांना समान हिश्श्याने द्यावे. लग्न ठरताना रामनाथने व्याह्यांना सांगितले होते, "आई घरीच असते." मालनने पहिल्याच आठवड्यात विचारले, "आई, बोटांना हे घट्टे कशाने पडले?" म्हणून कागदावर तिचे नाव आधी लिहावे. सोन्याच्या पाटल्याही तिच्याच.

२. आमचे सुपरवायझर श्यामकांत दळवी यांच्याविषयी. आमचे चेंडू जपानला, तिथल्या व्यावसायिक संघांकडे जात. तो खेळ मी कधी पाहिलेला नाही. १९७८ साली शिवण सुटते म्हणून अख्खा माल परत आला. श्यामकांत म्हणाले, "बायका गप्पा मारत शिवतात, दुसरं काय?" मी एक चेंडू उसवून पाहिला. कातडे कोरडेच शिवायला देत होते. ओलसर असताना ताणून शिवले की सुकताना ते आवळून बसते. तीन दिवस करून दाखवले. माल पास झाला. जपानहून प्रशस्तिपत्र आले ते श्यामकांत यांच्या नावाने. सहा वर्षे ते ऑफिसात काचेच्या चौकटीत टांगलेले होते आणि मी गप्प होते, कारण नोकरी हवी होती.

१९८४ च्या डिसेंबरात त्या संघांतला एक खेळाडू, चेंडू टाकणारा, कारखाना पाहायला आला. दुभाष्यामार्फत म्हणाला, "ज्यांनी ही पद्धत काढली, त्यांनी माझ्यासमोर एक चेंडू शिवावा." श्यामकांतनी सुई घेतली. चौथ्या टाक्याला बोटातून रक्त आले. मला हळूच म्हणाले, "बाई, जरा सांभाळून घ्या ना."

मी म्हटले, "शिवते. आधी ह्यांना सांगा, पद्धत कोणाची."

तिथे शिवणाऱ्या आम्हा सतराही जणींच्या सुया थांबल्या. शेवटी खाली बघत श्यामकांत बोलले, "सुगंधाबाईंची."

मग मी एकशे आठ जोडटाके घातले, मान वर न करता. तो खेळाडू एकेकीपुढे जाऊन कमरेतून वाकला. चेंडू सोबत घेऊन गेला, म्हणून या कागदात त्याची वाटणी नाही. पुढच्या महिन्यापासून, त्या जपानी संघांच्याच मागणीवरून, चेंडूंच्या प्रत्येक डब्यात शिवणारीच्या नावाची चिठ्ठी जाऊ लागली. ज्यांना सही येत नव्हती त्या तेवढ्यासाठी शिकल्या.

श्यामकांत यांना मी माफ केलेले नाही. तरी बाराव्याला बोलवावे, पोटभर वाढावे. भाषण करू देऊ नये.

३. माझे दाभण, दोन सुया आणि गुडघ्यांत धरायचा लाकडी चिमटा हे शेजारी बसून शिवणाऱ्या सखुबाईला द्यायचे होते. पण साक्षीलाही मी तिलाच बोलावले होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, तेव्हा तिने हत्यारे किंवा साक्षीची सही, यांपैकी एक निवडावे. सखू क्षणभरही थांबली नाही. "हत्यारं कमलला दे गो, तिचा हात चांगला हाय. मना सही करायची हाय." म्हणून हत्यारे आमच्यातली सर्वांत धाकटी, कमल, हिला द्यावीत.

या सर्वाची अंमलबजावणी मालनने करावी. वाचून घेतले, बरोबर आहे.

(सही) सुगंधा हरेश्वर चिखले

ठिकाण: वर्सोवा. ता. २२ नोव्हेंबर १९८७

साक्षीदार:
(सही) डॉ. माणिक प्रधान, अंधेरी
(सही) सखुबाई रामा वैती, बेसबॉल कारागीर, साकीनाका